अनएम्प्लॉयमेंट नाकारलं, आता अपिलाची सुनावणी आहे: तयारी कशी करायची

न्यू जर्सीत आमच्या ओळखीतल्या कुणाची नोकरी गेली आणि काही आठवड्यांनी लेबर खात्याचं ‘तुम्ही भत्त्याला पात्र नाही’ असं पत्र आलं, की घरात एक म्हण हमखास निघते: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मग पत्र ड्रॉवरमध्ये जातं. जमिनीच्या दाव्यात दोन-दोन पिढ्या खर्ची पडायच्या आणि वकिलाच्या फीपायी उरलेलं शेतही जायचं, त्या काळातलं हे शहाणपण आहे. अमेरिकेतल्या अनएम्प्लॉयमेंटच्या, म्हणजे बेकारी भत्त्याच्या, अपिलाला ते लावू नका. इथे अपिलाला फी लागत नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, सुनावणी बहुतेक वेळा फोनवर होते आणि साधारण तासाभरात आटोपते. मी वकील नाही. माझी स्वतःची एक सुनावणी झाली आणि त्यानंतर ओळखीपाळखीच्या काही जणांना कागद लावायला मदत केली. त्यातून जे उमगलं ते लिहिते आहे.

आधी मनातली लाज काढून टाका. ‘सरकारचे पैसे कशाला घ्यायचे?’ असं आपल्या मागच्या पिढीला फार वाटतं. पण हा विमा आहे. १९३२ मध्ये विस्कॉन्सिनने पहिला कायदा केला, १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने तो देशभर नेला, आणि त्याचे हप्ते मालक कराच्या रूपाने भरतात. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का या तीन राज्यांत तर कामगाराच्या पगारातूनही थोडी रक्कम कापली जाते. न्यू जर्सीत राहत असाल तर जुनी पे-स्लिप काढून बघा, सापडेल. ज्याचा क्लेम नाकारला जाईल त्याला निष्पक्ष न्यायाधिकरणासमोर रास्त सुनावणी मिळालीच पाहिजे, अशी अटही त्याच १९३५ च्या कायद्यात राज्यांना घातलेली आहे. अपील करताना तुम्ही कुणाकडे मेहेरबानी मागत नाही.

मालक विरोध का करतो, हेही समजून घ्या. ज्या कंपनीच्या माजी कामगारांना जास्त भत्ता दिला जातो, तिचा अनएम्प्लॉयमेंटचा कर पुढे वाढू शकतो. म्हणून काही कंपन्या जवळजवळ प्रत्येक क्लेमला हरकत घेतात आणि त्यासाठी बाहेरच्या एजन्सी नेमतात. ती हरकत वाचून ‘पंधरा वर्षं राबले आणि माझ्याबद्दल असं लिहिलं’ म्हणून खचून जाऊ नका. पुष्कळदा ते पत्र लिहिणाऱ्याने तुम्हाला कधी पाहिलेलंही नसतं.

दिवस मोजा आणि क्लेम चालू ठेवा

अपिलाची मुदत राज्याराज्यांत वेगळी आहे. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये ३० दिवस, न्यू जर्सीत २१, टेक्ससमध्ये फक्त १४. हे दिवस पत्रावर छापलेल्या, म्हणजे पत्र पाठवल्याच्या तारखेपासून मोजतात, पत्र तुमच्या हातात पडल्यापासून नाही. पत्रावर जी मुदत दिली आहे तीच अंतिम माना. अपील लिहिताना मोठं निवेदन करायची गरज नाही. ‘अमुक तारखेचा निर्णय मला मान्य नाही, मला सुनावणी हवी आहे’ आणि एका-दोन ओळींत कारण, एवढं पुरतं. मुदत टळली असेल तरी अपील करा आणि उशीर का झाला ते पुराव्यासह लिहा. हॉस्पिटलात होतात, पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, अशा कारणांवर जज उशीर माफ करू शकतात. मात्र तशी खात्री धरून बसू नका.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि तीच सर्वांत जास्त लोक चुकवतात. अपिलाचा निकाल लागेपर्यंत दर आठवड्याला (कॅलिफोर्नियात दर दोन आठवड्यांनी) क्लेम सर्टिफाय करत राहा, म्हणजे त्या काळात तुम्ही बेकार आणि कामाला उपलब्ध होतात असं खात्याला कळवत राहा. पैसे येत नसतानाही करा. ‘नाहीच म्हणालेत तर कशाला भरायचं?’ हा विचार महागात पडतो, कारण अपील जिंकलात तरी ज्या आठवड्यांचं सर्टिफिकेशन केलं त्यांचेच पैसे मिळतात. नोकरी शोधल्याची नोंदही तारीखवार ठेवा: कुठे अर्ज केला, कुणाशी बोललात, काय उत्तर आलं. साधी वही चालते.

आणखी एक प्रकार आहे. तुम्हाला भत्ता सुरू झालेला असतो, आणि मग कंपनी अपील करते. तेव्हाही सुनावणीची नोटीस येते, आणि ‘मी तर जिंकलोय’ म्हणून माणूस जात नाही. जा. तुम्ही नसाल तर जजच्या कानावर एकच बाजू पडते, निकाल फिरू शकतो आणि मिळालेले पैसे परत मागितले जातात.

सुनावणी एका प्रश्नाची असते

नोटिशीवर ‘इश्यू’ म्हणून एक-दोन ओळी छापलेल्या असतात. सगळी तयारी त्या ओळींभोवती करायची. मॅनेजर चांगला होता की वाईट, तुम्हाला पैशांची किती निकड आहे, कंपनीने तुमच्यावर एकूण अन्याय केला का, याचा निवाडा इथे होत नसतो. बहुतेक वेळा प्रश्न तीनांपैकी एक असतो: तुम्हाला गैरवर्तनामुळे काढलं का, तुम्ही स्वतःहून सोडली असेल तर सबळ कारण होतं का, आणि तुम्ही काम करायला सक्षम आणि उपलब्ध आहात का.

काढलं असेल तर गैरवर्तन सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. इथे ‘मिसकंडक्ट’ या शब्दाला कायद्याचा खास अर्थ आहे. १९४१ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका टॅक्सी कंपनीच्या खटल्यात त्याची व्याख्या केली आणि पुढे कितीतरी राज्यांनी ती उचलली. मालकाच्या हिताकडे जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष म्हणजे गैरवर्तन. काम न जमणं, वेग कमी पडणं, एखाद्या वेळी नकळत झालेली चूक, चांगल्या हेतूने घेतलेला पण फसलेला निर्णय, हे त्यात बसत नाही. समजा, एक मावशी गोदामात पॅकिंग करत होत्या आणि आकडा पूर्ण होत नाही म्हणून त्यांना काढलं. कंपनीला तो अधिकार आहे. पण त्यांनी मनापासून प्रयत्न केले असतील, तर भत्ता नाकारायला हे कारण सहसा पुरत नाही. नोकरीवरून काढणं योग्य होतं का आणि भत्ता मिळावा का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सुनावणीत फक्त दुसऱ्याचं उत्तर मागतात.

उशिरा येणं हा याच मावशींच्या केसमधला नाजूक भाग ठरू शकतो. वॉर्निंग मिळूनही वारंवार उशीर झाला असेल तर ते गैरवर्तनात धरलं जाऊ शकतं. तेव्हा उशीर का झाला, तो तुमच्या हातात होता का आणि तुम्ही आधी कळवलं होतं का, या तीन गोष्टींवर भर द्या. शेवटची घटना, जिच्यामुळे काढलं ती, सर्वांत नीट मांडा. जजचं लक्ष तिच्यावर असतं.

स्वतःहून सोडली असेल तर सबळ कारण दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि इथे राज्य बदललं की कायदा बदलतो. समजा, पुण्यात वडील अंथरुणाला खिळले म्हणून कुणी राजीनामा दिला. कॅलिफोर्नियात घरच्या आजारपणाची निकड सबळ कारण ठरू शकते, पण राजीनाम्याआधी रजा मागितली होती का, हे विचारतात. न्यू जर्सीत कारण त्या कामाशीच निगडित असावं लागतं. काही ठरावीक अपवाद सोडले तर घरगुती कारण, कितीही खरं असलं तरी, पुरत नाही. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा अनुभव ऐकून केस रचू नका.

आपल्या आयटीवाल्यांच्या बाबतीत वारंवार दिसणारी गोष्ट वेगळी आहे. एचआर बोलावून सांगतं, ‘राजीनामा द्या, नाहीतर टर्मिनेशन करावं लागेल, रेकॉर्ड खराब होईल.’ माणूस नाव राखायला दोन ओळींचा राजीनामा पाठवतो, वर आभारही मानतो. पुढे कंपनी लेबर खात्याला सांगते, यांनी स्वतःहून सोडली. घाबरू नका. पर्यायच ठेवला नव्हता हे दाखवता आलं, तर बहुतेक राज्यांत ते काढणंच मानतात. पण दाखवावं लागतं. ती मीटिंग कधी झाली, कोण होतं, नेमके कोणते शब्द वापरले, हे त्याच रात्री लिहून ठेवलेलं असेल तर सोनं आहे. नसेल तर आज बसून लिहा.

एच-वन-बीवर, म्हणजे एका मालकाशी जोडलेल्या कामाच्या व्हिसावर, असणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. नोकरी गेली की दुसऱ्या मालकाकडे कायद्याने लगेच काम करता येत नाही, त्यामुळे ‘उपलब्ध’ या कसोटीवर सामान्यतः क्लेम टिकत नाही. ग्रीन कार्ड किंवा चालू वर्क परमिट असलेल्यांची गोष्ट वेगळी.

कागद

तुमच्या केसची फाइल सुनावणीच्या आधी मागून घ्या. कंपनीने काय लिहून दिलं, खात्याच्या माणसाने तुमच्याशी फोनवर बोलून काय टिपलं, सगळं त्यात असतं. ते टिपण नीट वाचा. तिथे तुमच्या नावावर एक विधान असेल आणि सुनावणीत तुम्ही दुसरंच बोललात, तर जज पहिला प्रश्न त्यावरच विचारतील. टिपण चुकीचं असेल तर तसं स्पष्ट सांगायची तयारी ठेवा.

मग एक पान घ्या. डावीकडे तारीख, उजवीकडे घटना. रुजू झालात ती तारीख, वॉर्निंग मिळाली असेल तर ती, शेवटची घटना, शेवटचा दिवस. एकच पान. आपल्याला गोष्ट मुळापासून सांगायची सवय असते. २०१६ साली कंपनीत आलो तेव्हा वातावरण कसं होतं इथून सुरुवात होते, आणि जजचा वेळ संपत आला तरी शेवटची घटना येत नाही. पानावरचा क्रम धरून बोललात की हे टळतं.

टर्मिनेशनचं पत्र, ईमेल, शिफ्टचं वेळापत्रक, डॉक्टरची चिठ्ठी, तारखेसकट व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट, एम्प्लॉई हँडबुकमधलं संबंधित पान. सगळ्यांवर १, २, ३ असे आकडे टाका. सुनावणी फोनवर असेल तर हे कागद जजला आणि समोरच्या पक्षालाही नोटिशीत दिलेल्या मुदतीत पोचले पाहिजेत. ऐनवेळी ‘माझ्याकडे ईमेल आहे’ म्हणून भागत नाही. कंपनीचा ईमेल बंद झाला असेल आणि कागद त्यांच्याकडेच असतील, तर जजकडे सबपीना मागता येतो, म्हणजे ते हजर करण्याचा आदेश. साक्षीदारासाठीही मागता येतो. आणि चोरून केलेलं रेकॉर्डिंग पाठवण्याआधी थांबा. न्यू जर्सीत संभाषणातल्या एकाची संमती पुरते, पण कॅलिफोर्नियात खासगी संभाषणात सगळ्यांची लागते. तिथे ते रेकॉर्डिंगच गुन्हा ठरू शकतं.

सहकाऱ्याचं पत्र आणलं की काम झालं असं वाटतं. पत्राला प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून त्याचं वजन कमी. तोच सहकारी दहा मिनिटं फोनवर आला तर वजन कितीतरी वाढतं. हाच नियम कंपनीलाही लागतो, आणि तो तुमच्या फायद्याचा आहे. पुष्कळदा कंपनीतर्फे एचआरची व्यक्ती येते, जी त्या घटनेच्या वेळी तिथे नव्हतीच. तिची साक्ष ऐकीव. जज ती ऐकून घेतील, पण प्रत्यक्ष हजर असलेल्या तुमच्या शपथेवरच्या साक्षीसमोर ती सहसा फिकी पडते. तुमची पाळी आली की एवढंच विचारा: ‘तुम्ही त्या वेळी तिथे होतात का? हे तुम्ही स्वतः पाहिलंत का?’ त्यापुढे वाद घालू नका.

फोन आणि ‘हो, हो’

जज फोन करणार की तुम्ही करायचा, हे नोटिशीत असतं. काही राज्यांत आधी नंबर नोंदवावा लागतो. जजचा फोन अनोळखी नंबरवरून येऊ शकतो, त्यामुळे स्पॅम अडवणारं अॅप आणि अनोळखी कॉल गप्प करणारं सेटिंग त्या दिवशी बंद ठेवा. वेळ त्या राज्याची धरा. मधल्या काळात न्यू जर्सीहून डॅलसला गेला असाल तर तासाचा फरक आहे. हजर राहिला नाहीत तर अपील सहसा तिथेच निकालात निघतं, आणि ते पुन्हा उघडायला सबळ कारण द्यावं लागतं.

आता माझ्या सुनावणीतली गोष्ट. समोरून मॅनेजर बोलत होत्या आणि मी सवयीने ‘हो… हं… हो’ करत होते. आपल्याकडे समोरचा बोलत असताना हुंकार देणं म्हणजे लक्ष असल्याची खूण. गप्प राहणं उद्धटपणाचं वाटतं. मी इंग्रजीत ‘येस, येस’ म्हणत होते. सगळं रेकॉर्ड होत होतं. जजनी थांबवून विचारलं, ‘म्हणजे हे तुम्हाला मान्य आहे?’ त्यांनी विचारलं हे माझं नशीब. नसतं विचारलं तर ज्या आरोपाविरुद्ध मी अपील केलं होतं, त्यालाच माझा होकार नोंदला गेला असता. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते: दुसरा बोलत असताना फोन म्यूट करा, हातात पेन घ्या आणि जे खोटं वाटेल ते कागदावर टिपा. तुमची पाळी येतेच. तसंच विनयाने म्हटलेलं ‘माझीही थोडी चूक असेल’ हे वाक्य. आपल्यात ते मोठेपणाचं, शपथेवर ते कबुली ठरतं. झालेली चूक लपवू नका, पण न झालेली अंगावर घेऊ नका.

इंग्रजी रोजच्या कामापुरती येत असेल पण प्रश्नोत्तरांत अडखळत असाल, तर दुभाषा मागा. तो मोफत मिळतो. नोटीस येताच कळवा आणि ‘मराठी’ असं स्पष्ट लिहा. भारत म्हटलं की समोरचा हिंदी धरून चालू शकतो, आणि आयुष्यभर मराठीत बोललेल्या आईला साक्षीच्या वेळी हिंदी सुचत नाही. मुलाला किंवा सुनेला दुभाषा करू नका. ती मायेपोटी उत्तर सुधारून सांगतात, आणि ते जजच्या लक्षात येतं. दुभाष्याबरोबर छोटी वाक्यं बोला, एक वाक्य झालं की थांबा. भाषांतर चुकतंय असं वाटलं तर तिथल्या तिथे सांगा.

शपथ झाली की जज आधी कागद नोंदवून घेतात. तुम्हाला न मिळालेला कागद वाचला गेला तर लगेच सांगा. मग प्रश्न येतात. विचारलं तेवढंच उत्तर द्या, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा, अंदाज करू नका. शेवटी दोन मिनिटं मिळाली तर नोटिशीवरच्या त्याच प्रश्नाला उत्तर देणारी तीन-चार वाक्यं बोला. ती आधी लिहून ठेवलेली बरी.

भारतात जाऊन आलात?

याबद्दल वेगळं लिहावंसं वाटलं, कारण हे आपल्याच लोकांत जास्त घडतं. नोकरी गेली, वेळ आहे, गणपतीला किंवा आजारी आईला बघायला तीन आठवडे गावी जाऊन येतो माणूस, आणि तिथूनच क्लेम भरतो. देशाबाहेर असताना तुम्ही कामाला उपलब्ध नसता, त्यामुळे त्या आठवड्यांचा भत्ता सामान्यतः मिळत नाही. परदेशातून लॉग-इन केल्याचं खात्याला दिसतं. चूक असेल तर पैसे परत द्यावे लागतात. ठरवून खोटं सांगितलं असं ठरलं तर वर किमान १५ टक्के दंड, काही राज्यांत त्याहून जास्त. असं झालं असेल तर सुनावणीत तिकिटं पुढे ठेवा, गेलो-आलो त्या तारखा खऱ्या सांगा आणि प्रश्नाचा अर्थ तुम्हाला काय वाटला होता ते सांगा. गैरसमज आणि फसवणूक यांतला फरक तुमच्या साक्षीवरच ठरतो. आणि त्या तीन आठवड्यांमुळे बाकीचे आठवडे आपोआप बुडत नाहीत ना, हेही विचारून घ्या.

वकील हवा असेल तर भागातल्या लीगल एडला (कायद्याची मोफत मदत देणाऱ्या संस्थेला) किंवा जवळच्या लॉ स्कूलच्या मोफत क्लिनिकला नोटीस आल्याच दिवशी फोन करा. त्यांच्याकडे रांग असते.

निकाल टपालाने किंवा ऑनलाइन येतो. पहिल्या पातळीवरची किमान ६० टक्के अपिलं ३० दिवसांत आणि ८० टक्के ४५ दिवसांत निकाली काढावीत असा केंद्राचा निकष आहे, पण मंदीत रांग वाढली की तो पाळला जात नाही. विरुद्ध लागला तर वरच्या बोर्डाकडे जाता येतं. बोर्ड बहुतेक वेळा नवी साक्ष घेत नाही, पहिल्या सुनावणीचं रेकॉर्ड आणि कागद बघून ठरवतं. म्हणून राखून ठेवण्यासारखा कोणताही पुरावा नसतो, सगळा पहिल्याच वेळी द्यायचा. त्यानंतर कोर्ट. मिळालेले पैसे परत मागितले असतील आणि चूक तुमची नसेल, तर अनेक राज्यांत वसुली माफ करावी म्हणून वेगळा अर्ज करता येतो. निकालाच्या त्या पत्रावरही पाठवल्याची तारीख छापलेली असते. पाकीट उघडलं की आधी ती बघा आणि कॅलेंडरवर दिवस मोजायला घ्या.